कोस्टगार्डची केंद्रं निम्मी केली, तरी ‘काहीच बिघडलं नाही’ हे कितपत खरं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या एका लहान गावात राहता. तिथल्या अग्निशमन केंद्रात रात्री पूर्णवेळ माणसं ठेवायची नाहीत, गरज पडली तर त्यांना घरून बोलवायचं, असा प्रस्ताव आलाय आणि त्यावर गावात सभा आहे. तुमचे यजमान म्हणतात, २०१० नंतर सरकारनं कोस्टगार्डची जवळजवळ निम्मी केंद्रं बंद केली, तेव्हाही लोकांनी मोर्चे काढले होते, पण पुढे काही आभाळ कोसळलं नाही. मग आत्ताची ओरडही नुसती भावनेपोटी आहे का? आणि सभेत उभं राहून नेमकं काय विचारायचं?

मी आग विझवणारा माणूस नाही. एकतीस वर्षं व्यापारी जहाजांवर काढली, त्यातली शेवटची तेरा कॅप्टन म्हणून. म्हणजे मदतीसाठी हाक मारणाऱ्याच्या बाजूला मी उभा राहिलेलो आहे. त्या बाजूनं जे दिसतं ते सांगतो. अग्निशमन आणि कोस्टगार्ड यांचं दुखणं या बाबतीत एकच आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर गोंधळ होतो. आपल्याकडे कोस्टगार्ड म्हटलं की पांढरं जहाज, त्यावर निळे-केशरी तिरपे पट्टे आणि गणवेशातले सशस्त्र जवान डोळ्यांपुढे येतात. ब्रिटनचं कोस्टगार्ड तसं नाही. १८२२ साली सुरू झालेली ती आता एक नागरी सेवा आहे. तिचा कणा म्हणजे किनाऱ्यावरच्या रेडिओच्या खोल्या. खोलीत चार-दोन माणसं कानाला हेडफोन लावून चोवीस तास चॅनल सोळा, म्हणजे संकटाच्या हाकेसाठीचा रेडिओ चॅनल, ऐकत बसतात. त्यांच्याकडे स्वतःची लाइफबोट नसते. ती आरएनएलआय या धर्मादाय संस्थेची असते आणि तिच्यावरचे बहुतेक लोक स्वयंसेवक असतात. खोलीतल्या माणसानं हाक ऐकायची, कोण कुठे अडकलंय ते ओळखायचं, लाइफबोट बोलवायची की हेलिकॉप्टर ते ठरवायचं, आणि शेवटचा माणूस किनाऱ्याला लागेपर्यंत सगळ्याची सूत्रं हातात ठेवायची. केंद्र बंद केलं म्हणजे ही खोली बंद केली.

आता माझी एक रात्र सांगतो.

२००० नंतरची गोष्ट, जानेवारी महिना. मी एका बल्क कॅरिअरवर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या जहाजावर, चीफ ऑफिसर होतो, कॅप्टनच्या खालोखाल. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलच्या उत्तर किनाऱ्यापासून दहाएक मैलांवर होतो. नैर्ऋत्येचा वारा जोरात होता आणि जहाज दोन दिवस हेलकावे खात होतं. अशा हवेत टाकीच्या तळाचा गाळ ढवळून निघतो आणि इंधनाचे फिल्टर चोंदतात. रात्री पावणेदोनच्या सुमारास जनरेटर बसला, पाठोपाठ मुख्य इंजिन थांबलं. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या वरच्या खोलीत, काळोख झाला. इमर्जन्सी दिवे लागेपर्यंतच्या त्या काही सेकंदांत एरवी सतत जाणवणारी इंजिनाची थरथर नाहीशी झालेली असते, आणि ती नसली की जहाज मेल्यासारखं वाटतं. खाली चीफ इंजिनिअर आणि त्याची पोरं टॉर्चच्या उजेडात फिल्टर खोलायला लागली. वर आम्ही नकाशा पसरला. जहाज ताशी दोन मैलांनी किनाऱ्याकडे सरकत होतं. दहा मैल म्हणजे पाच तास. किनारा सगळा खडकांचा.

कॅप्टन घुटमळले. मी त्यांना दोष देत नाही. टग, म्हणजे बंद जहाज ओढणारी ताकदीची बोट, बोलवला आणि त्यानं दोरी टाकली, की जहाज आणि मालाच्या किमतीच्या हिशेबानं मोबदल्याचं प्रकरण उभं राहतं. कंपनीचा माणूस फोनवर म्हणत असतो, जरा थांबा, इंजिन चालू होईल. आजवर किनाऱ्याला लागलेल्या कितीतरी जहाजांचे पहिले दोन तास याच ‘जरा थांबा’मध्ये गेलेले आहेत.

आम्ही कोस्टगार्डला परिस्थिती कळवली. रेडिओवर एक बाई होत्या. आवाज शांत, घाई नाही. माणसं किती, माल काय, इंधन किती टन, सरकण्याचा वेग किती, दोन्ही नांगर तयार आहेत का, असं एकेक विचारून घेतलं. मग म्हणाल्या, टग निघालाय, आमच्या सांगण्यावरून निघालाय, तुम्ही फक्त परिस्थिती कळवत राहा. त्यानंतर त्यांनी जे सांगितलं ते मी कधी विसरणार नाही. चार वाजता भरती सुरू होईल, तेव्हा ओढ तुम्हाला किनाऱ्यावर न लोटता किनाऱ्याला धरून ईशान्येकडे नेईल, म्हणजे तुम्हाला वाटतोय त्यापेक्षा तुमच्याकडे जास्त वेळ आहे. आत्ताच नांगर टाकू नका, तिथला तळ धरत नाही. भरती-ओहोटीचं कोष्टक आमच्याकडेही होतं. पण नकाशावर ‘खडक’ असं छापलेलं असणं वेगळं, आणि त्या पट्ट्यात नांगर घसरताना आधी पाहिलेल्या माणसानं ‘टाकू नका’ म्हणणं वेगळं.

दर अर्ध्या तासानं त्या आमची स्थिती विचारत राहिल्या. साडेचारच्या सुमारास टगचे दिवे दिसले. पाचनंतर इंजिन चालू झालं. टग मैलभर अंतर ठेवून उजाडेपर्यंत आमच्या सोबत राहिला आणि परत गेला. दोरी टाकली नाही, बिल नाही, बातमी नाही. त्या रात्री त्या टगनं ‘काहीच केलं नाही’. हिशेबाच्या वहीत ती रात्र म्हणजे जाळलेलं डिझेल आणि खलाशांचा पगार.

कपातीच्या वादात मला कायम हे खुपत आलंय. आणीबाणीच्या सेवेत तयार राहून वाट पाहणं हेच काम असतं. ते बाहेरून रिकामपणासारखं दिसतं, आणि खर्च कमी करायला बसलेल्या माणसाची नजर पहिल्यांदा रिकाम्या माणसावर जाते.

ते टग तिथे का होते, हे सांगायला हवं. ५ जानेवारी १९९३ ला ब्रेअर नावाचा तेलवाहू टँकर स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांच्या दक्षिण टोकाजवळ भर वादळात बंद पडला. डेकवर सुटलेले पाइप आदळून हवेच्या नळ्या फुटल्या, त्यातून समुद्राचं पाणी इंधनात शिरलं आणि इंजिन गेलं. पहाटे बंद पडलेलं जहाज सकाळी ११ वाजून १९ मिनिटांनी खडकावर चढलं. पोटात जवळपास ८४,७०० टन कच्चं तेल होतं. सगळी माणसं हेलिकॉप्टरनं वाचली, पण त्या हवेत जहाज धरून ठेवील असा ताकदीचा टग वेळेत जोडता आला नाही. त्यानंतर लॉर्ड डोनल्डसन यांच्या चौकशीतून जे पुढे आलं, त्यात मोक्याच्या जागी सरकारी खर्चानं टग तयार ठेवणं हा एक मुद्दा होता. हळूहळू चार टग उभे राहिले. डोव्हरची सामुद्रधुनी, नैर्ऋत्य टोक, पश्चिम स्कॉटलंडमधला मिंच हा समुद्रपट्टा आणि उत्तरेची बेटं. फ्रेंच लोक हे आधीच शिकले होते. १९७८ मध्ये अमोको काडिझ ब्रिटनीच्या किनाऱ्यावर फुटला आणि सव्वादोन लाख टनांच्या आसपास तेल सांडलं, तेव्हापासून त्यांनी ब्रेस्टला टग तयार ठेवलाय.

ऑक्टोबर २०१० मध्ये ब्रिटन सरकारनं खर्चकपात जाहीर केली, तीत हे चारही टग काढायचं ठरलं. वाचणारी रक्कम होती चार वर्षांत सुमारे ३ कोटी २५ लाख पौंड. युक्तिवाद असा की हे काम खाजगी टग करतील आणि जहाजाचा मालक पैसे देईल. वाक्य ऐकायला बरोबर वाटतं. पण खाजगी टगला पोट असतं. तो काम असेल तिकडे, तेलविहिरींकडे किंवा बंदरात असतो. कॉर्नवॉलच्या कोपऱ्यात जानेवारीभर कुणाची तरी वाट पाहत तो का थांबेल? इंग्लंडच्या बाजूचे दोन टग सप्टेंबर २०११ अखेर गेले. स्कॉटलंडमध्ये विरोध मोठा झाला, म्हणून शेवटी उत्तरेच्या ऑर्कनी बेटांवर एक राहिला. ऑगस्ट २०१६ मध्ये ट्रान्सओशन विनर हा तेलविहिरीचा अवाढव्य सांगाडा ओढून नेत असताना दोरी तुटली आणि तो स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या लुईस बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर चढला. पोटात २८० टन डिझेल होतं. पूर्वी एक टग याच बेटावर, स्टॉर्नोवेला उभा असायचा. आता टग निघाला तो ऑर्कनीहून. जुना टग असता तर सांगाडा नक्की वाचला असता असा दावा मी करणार नाही, त्या वादळात कुणीच करू नये. पण प्रयत्न करायला वेळ मिळाला असता.

मुंबईकरांना हे सगळं परकं वाटू नये. त्याच २०११ च्या पावसाळ्यात जुहूला काय झालं ते आठवा. जूनमध्ये एमव्ही विस्डम हे अलंगला मोडीत निघालेलं जहाज, टगची दोरी तुटून जुहूच्या वाळूत येऊन बसलं. जुलैच्या शेवटी एमटी पवित आलं. त्याचे खलाशी महिनाभर आधी ओमानजवळ ते सोडून गेले होते. माणूस नसलेलं, इंजिन बंद पडलेलं जहाज अरबी समुद्र ओलांडून जुहू-वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. २६/११ ला तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती. लोक फोटो काढायला जमले होते. मला मात्र त्याच समुद्रातल्या तेलविहिरी दिसत होत्या.

आता केंद्रांकडे येतो. १६ डिसेंबर २०१० ला प्रस्ताव आला. अठरा मोठी केंद्रं आणि लंडनचं एक छोटं, त्यातली फक्त तीन चोवीस तास चालवायची, पाच दिवसाउजेडी चालवायची, बाकी बंद. स्टॉर्नोवे आणि शेटलंड यांतलं एकच ठेवायचं, बेलफास्ट आणि लिव्हरपूल यांतलंही एकच. कॉर्नवॉलमधल्या फाल्मथलाही रात्री कुलूप. फाल्मथचं वाचून माझ्यासारख्या अनेक खलाशांना धक्का बसला. अटलांटिकच्या मध्यावर, जगाच्या कुठल्याही कोपऱ्यात, उपग्रहावरून केलेली हाक बऱ्याचदा फाल्मथला पोचायची. आमच्या पिढीच्या भारतीय खलाशांना इंग्लंडमधल्या दोन-चार गावांची नावं पाठ असतील तर त्यात फाल्मथ हमखास असेल.

सरकारची बाजू पूर्ण खोटी नव्हती, आणि हे विरोध करणाऱ्यांनी मान्य करायला हवं होतं. जुन्या रचनेत केंद्रं फक्त जोडीजोडीनं जोडलेली होती. शेजारचं केंद्र कामात बुडालं तर मदत करणार फक्त त्याची जोडी, दोन्ही बंद पडली तर तिसऱ्याला काही करता येत नसे. उन्हाळ्याच्या रविवारी एका खोलीत श्वास घ्यायला फुरसत नाही, आणि त्याच वेळी दुसऱ्या खोलीत शांतता. पगार तुटपुंजे, बढती नाही, अनुभवी माणसं सोडून जात. सगळी केंद्रं एका जाळ्यात आणायची, म्हणजे हंबरवरचा भार फाल्मथनं उचलावा, ही कल्पना योग्यच होती. मीही ती मांडली असती.

चूक क्रमात होती. जाळं आधी विणून, वापरून, खात्री करून मग खोल्या बंद करायच्या असतात. इथे बचतीचा आकडा आधी ठरला आणि जाळं त्यात बसवायचं ठरलं. शिवाय त्या खोलीत रोज बसणाऱ्यांना विचारलंच गेलं नाही. संसदेच्या वाहतूक समितीनं चौकशी केली, तेव्हा साध्या पदावरच्या कोस्टगार्ड कर्मचाऱ्यांना तोंडी साक्ष द्यायला मंत्र्यांनी परवानगी नाकारली. समितीनं जून २०११ च्या अहवालात त्यावर स्पष्ट नाराजी नोंदवली आणि मूळ आराखडा सुरक्षित वाटत नाही असं म्हटलं.

आणि इथे तुमच्या यजमानांच्या म्हणण्यातली मोठी फट आहे. ‘मोर्चे निघाले, तरी काही झालं नाही’ असं ते म्हणतात. पण मोर्चे निघाले, शेकडो हरकती गेल्या, समितीनं अहवाल दिला, म्हणून मूळ प्रस्ताव अमलात आलाच नाही. जुलै २०११ मध्ये तो बदलला. दिवसाउजेडी केंद्रांची कल्पना रद्द झाली. शेटलंड, स्टॉर्नोवे, बेलफास्ट, फाल्मथ सगळी चोवीस तास राहिली. क्लाइड, फोर्थ, ग्रेट यारमथ, लिव्हरपूल, स्वॉन्सी, पोर्टलँड, ब्रिक्सम, सोलंट आणि थेम्स ही नऊ गेली. ज्या योजनेत आभाळ कोसळण्याची जास्त भीती होती, ती लोकांनी ओरड केल्यामुळे कागदावरच राहिली.

कोस्टगार्डच्या नव्या जाळ्याच्या मध्यवर्ती केंद्राची इमारत कुठून आली हेही सांगण्यासारखं आहे, कारण तुमच्या अग्निशमनाशी त्याचा थेट संबंध आहे. इंग्लंडमधल्या अग्निशमनाच्या ४६ स्थानिक नियंत्रण कक्षांच्या जागी ९ मोठी केंद्रं उभारायची, अशी योजना २००४ मध्ये सुरू झाली होती. इमारती उभ्या राहिल्या, पण त्यांना जोडणारी संगणक यंत्रणा कधी चाललीच नाही. डिसेंबर २०१० मध्ये, कोस्टगार्डचा प्रस्ताव आला त्याच आठवड्याच्या आसपास, ती योजना रद्द झाली. सरकारी लेखापरीक्षकांनी किमान ४६ कोटी ९० लाख पौंड वाया गेल्याचं म्हटलं. त्यातली फेअरमची रिकामी इमारत कोस्टगार्डला मिळाली. इमारत वापरात आली हे चांगलंच झालं. पण ‘मोठं केंद्र आणि नवी यंत्रणा आली की माणसं कमी लागतील’ असं कुणी सभेत म्हणालं, तर हे उदाहरण जवळ असू द्या.

स्थानिक माहितीबद्दल लोक सगळ्यात जास्त बोलले आणि सरकारनं ते सगळ्यात जास्त हसण्यावारी नेलं. जीपीएस आहे ना, मग गावाची नावं कशाला पाठ हवीत? पण हाक मारणारा नेहमी जहाजाच्या ब्रिजवरून मारत नाही. तो किनाऱ्यावर फिरायला आलेला असतो, पाण्यात कुणीतरी बुडताना बघत असतो, थरथरत्या हातानं फोन लावतो आणि म्हणतो, ‘टार्बर्टच्या पुढच्या खडकांजवळ’. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर एक टार्बर्ट किन्टायरला आहे, एक हॅरिसला, एक जुरा बेटावर. आपल्याकडे कुणी ‘नांदगावजवळ’ म्हटलं तर ते मुरूडचं नांदगाव की कणकवलीचं, हे कोकणातला माणूस पुढच्या एका शब्दावरून ओळखतो. माझे काका तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे म्होरके होते. त्यांना अक्षांश-रेखांश कधी कळले नाहीत. अमुक देवळाचा कळस तमुक टेकडीच्या डाव्या खांद्यावर आला की पाण्याखाली खडक, ही त्यांची भाषा. तशी भाषा बोलणारे मच्छीमार ब्रिटनच्या किनाऱ्यावरही आहेत. दूरच्या खोलीतला हुशार माणूसही हे शोधून काढतो, पण त्याला दोन-तीन मिनिटं जास्त लागतात. हिवाळ्यातल्या त्या पाण्यात पडलेल्या माणसाचे हात काही मिनिटांतच चालेनासे व्हायला लागतात.

कॅनडातही हा मुद्दा आला होता. २०१२ मध्ये न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सचं बचाव उपकेंद्र बंद केलं, पण क्वेबेकचं राहिलं, कारण फ्रेंच बोलणाऱ्या मच्छीमाराची हाक दुसरीकडे नीट समजणार नाही हे सरकारला मान्य करावं लागलं. भाषेचं पटलं. पण न्यूफाउंडलंडच्या मच्छीमाराचं इंग्रजीही निराळंच आहे, ते समजायलाही तिथलाच कान लागतो. २०१८ मध्ये तेही केंद्र पुन्हा सुरू झालं.

कॅनडाचं दुसरं उदाहरण तुमच्या जास्त कामाचं आहे. व्हँकुव्हर बंदराच्या तोंडाशी किट्सिलानो नावाचा कोस्टगार्डचा तळ होता. फेब्रुवारी २०१३ मध्ये तो बंद केला. एप्रिल २०१५ मध्ये मॅराथासा या नव्याकोऱ्या जहाजातून शहरासमोरच्या इंग्लिश बे या खाडीत २,७०० लिटरच्या आसपास इंधन गळलं. बंद तळ तिथून बोटीनं काही मिनिटांवर होता. गळतीला आवर घालायला मात्र कित्येक तास गेले. त्याच वर्षी सरकार बदललं आणि २०१६ मध्ये तळ परत सुरू झाला. सत्तावीसशे लिटर म्हणजे जहाजांच्या जगात काहीच नाही. पण लाखो लोकांच्या डोळ्यांसमोर घडलं, म्हणून वाद मिटला. उत्तर स्कॉटलंडमध्ये कुणाच्या डोळ्यांसमोर घडणार?

२३-२४ नोव्हेंबर २०२१ च्या रात्रीबद्दल बोलताना मी जपून बोलतो. इंग्लंड आणि फ्रान्समधल्या इंग्लिश खाडीत स्थलांतरितांनी खच्चून भरलेली रबरी बोट बुडाली. किमान २७ माणसं मेली, चार सापडलीच नाहीत, दोघे वाचले. बोटीतून वारंवार फोन येत होते. डोव्हरचं केंद्र बंद झालेल्यांपैकी नव्हतं, त्यामुळे ही घटना कपातीच्या खात्यात टाकणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. पण त्या रात्री अनेक बोटी एकाच वेळी पाण्यात होत्या, हवेमुळे टेहळणीचं विमान उडू शकलं नाही, खोलीत माणसं पुरेशी नव्हती, आणि वाचवलेल्या बोटींतलीच ही एक असावी असा समज होऊन शोध थांबला. दुपारी प्रेतं दिसली ती एका फ्रेंच मच्छीमाराला. असा समज आळशीपणातून होत नाही. एकाच डोक्यात पंधरा बोटींचा हिशेब ठेवावा लागतो, तेव्हा होतो. दुसरं डोकं शेजारच्या खुर्चीत असेल तर ते म्हणतं, थांब, यांतली ती कुठली?

‘काही झालं नाही’ हे कशावरून ठरवायचं, हाच खरा प्रश्न आहे. बुडालेल्या माणसाच्या मृत्यूच्या दाखल्यावर बुडून मृत्यू असं लिहिलेलं असतं. सात मिनिटं उशीर झाला असं लिहिलेलं नसतं. माझ्या जहाजाची ती रात्र जशी कुठल्याही आकड्यात नाही, तशीच टग आला नाही म्हणून बिघडलेली रात्रही ‘खराब हवामान’ या सदरात जाते.

आता तुमची सभा. सभेत तुम्हाला बहुधा सरासरी ऐकवतील. जानेवारी २०१४ मध्ये लंडनची दहा अग्निशमन केंद्रं बंद झाली, तेव्हाही हेच झालं होतं. पहिला बंब सरासरी सहा मिनिटांत आणि दुसरा आठ मिनिटांत हे लक्ष्य शहरभर पाळलं जाईल, असं सांगितलं गेलं. शहराच्या सरासरीत तुमची गल्ली दिसत नाही. म्हणून विचारा की आमच्या गावात, रात्री अकरा ते सकाळी सात या वेळात, गेल्या पाच वर्षांत सगळ्यात उशिरा पोचलेल्या दहा वेळा कोणत्या आणि प्रत्येक वेळी किती मिनिटं लागली. आणि दुसऱ्या बंबाची वेळ वेगळी मागा. पेटत्या घरात श्वासाचं उपकरण लावून माणसं आत पाठवायची तर बाहेर पुरेशी माणसं असावी लागतात, एकटा पहिला बंब बऱ्याचदा दारात थांबून राहतो.

घरून येणाऱ्या माणसांबद्दल विचारताना त्यांचा अपमान होईल असं बोलू नका. आरएनएलआयच्या लाइफबोटी अशाच माणसांवर चालतात आणि ती अत्यंत कसलेली असतात. पण ती केंद्रापासून काही मिनिटांच्या अंतरावर राहणारी हवीत. तुमच्या गावात घरांचे भाव पाहता तशी तरुण माणसं उरली आहेत का? शेजारच्या ज्या केंद्रात ही पद्धत आधीच आहे, तिथे गेल्या वर्षी माणसं पुरेशी नाहीत म्हणून बंब ‘उपलब्ध नाही’ असं किती रात्री नोंदलं गेलं, हा आकडा त्यांच्याकडे नक्की असतो. तो न देता चर्चा पुढे जाऊ देऊ नका.

त्या केंद्रात आत्ता रात्रपाळी करणाऱ्यांपैकी कुणी सभेत बोलणार आहे का, हेही विचारा. नसेल तर का नाही.

आणि शेवटचा प्रश्न जागेचा. किट्सिलानोचा तळ परत सुरू करता आला, कारण जागा हातची गेली नव्हती. बंद ठेवण्याची मुदत, तपासणीची तारीख, तपासणी कोण करणार आणि तोवर इमारत आणि जमीन विकणार नाही याची लेखी हमी, एवढं मागा. समुद्राकाठच्या जमिनीला भाव असतो, एकदा तिथे फ्लॅट उभे राहिले की कुठलाही अहवाल आला तरी बंब उभा करायला जागा नाही. यावर तोंडी उत्तर मिळालं तर ते सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा, आणि इतिवृत्ताची प्रत त्याच आठवड्यात मागा.